संगणक कितीही मोठा झाला तरी पावसाची तारीख सहा महिने आधी कळणार नाही

मान्सून जवळ आला की एक दावा नव्या जोमाने फिरू लागतो, आणि हल्ली त्याला एआयची जोड मिळाली आहे. दावा थोडक्यात असा: हवा भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालते आणि ते नियम आपल्याला माहीत आहेत. सूर्यग्रहण शंभर वर्षं आधी मिनिटासकट सांगता येतं, मग पाऊस का नाही? अडचण होती ती फक्त संगणकाच्या ताकदीची आणि डेटाची, ती एआयने संपवली. आता अख्ख्या पृथ्वीची हुबेहूब नक्कल संगणकात उतरेल आणि तुमच्या गावात कोणत्या तारखेला पाऊस पडणार ते सहा महिने आधी कळेल. हवामान खात्याला अजून हे जमत नाही, कारण ते मागासलेलं आहे, शक्यतांची भाषा बोलून अंग काढून घेतं.

ऐकायला हा दावा विज्ञानाच्या बाजूचा वाटतो, म्हणून चांगली शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात. मला त्याची काळजी वाटते, कारण त्याच्या जोरावर कोणीतरी ‘अमुक तारखेला नक्की पाऊस’ असं ठासून सांगतं, त्यावर विसंबून कोणीतरी पेरणी उरकतं, मग पंधरा दिवस उघडीप पडते आणि दुबार पेरणीचा खर्च त्या घराच्या माथी बसतो. बियाणं पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा. तेव्हा या दाव्याचा एकेक धागा सोडवून पाहायला हवा.

पहिला धागा: नियम माहीत आहेत म्हणजे भविष्य माहीत आहे. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १८१४ मध्ये नेमकी हीच कल्पना मांडली होती. पण तिच्यात एक अट होती, जी पुढे पाठवताना गळून पडते. विश्वातल्या प्रत्येक कणाची या क्षणाची स्थिती माहीत असलेली बुद्धी असेल, तरच तिला भविष्य दिसेल. नियम ही अर्धी सामग्री झाली. उरलेली अर्धी म्हणजे ‘आत्ता काय आहे’, आणि ती कुठेतरी साठवावी लागते.

इथे साधी मोजणी आडवी येते. एका बिटात दोनच गोष्टी मावतात, हो किंवा नाही. दहा बिटांत १,०२४ वेगवेगळ्या अवस्था नोंदवता येतात, वीस बिटांत दहा लाखांहून थोड्या जास्त. यंत्राची स्मृती कितीही वाढवा, तिच्यात मावणाऱ्या अवस्थांची संख्या ठरलेली असते. ज्या व्यवस्थेचा अंदाज करायचा तिच्या अवस्था त्याहून जास्त असतील, तर तिच्या निदान दोन वेगळ्या अवस्थांची यंत्रात एकच नोंद होणार. यंत्राला त्या दोन्हींत फरक दिसत नाही. समजा, त्यातल्या एका अवस्थेतून परवा निफाडला गारपीट होते आणि दुसरीतून लख्ख ऊन पडतं. यंत्र दोन्हींना एकच उत्तर देणार, म्हणजे एकदा तरी चुकणारच. ते सिलिकॉनचं आहे की आणखी कशाचं, हुशार आहे की बथ्थड, याने काही फरक पडत नाही.

आता खरे आकडे घालून पाहू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप्सचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर १५ शून्यं इतकी गणितं) ‘अर्का’ हा महासंगणक आहे. याच संस्थेत घडलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली आणि तिने जागतिक अंदाजाची जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणली. हे मोठं काम आहे, कारण जाळीचं माप निम्मं केलं की हिशेब निदान आठपट वाढतो. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. सहा बाय सहाचे चौकोन पाडले तर सुमारे १.४ कोटी चौकोन होतात. उंचीचे शंभर थर धरले तर १४० कोटींच्या वर खोकी, आणि प्रत्येक खोक्यात वारा, तापमान, दाब, बाष्प अशा सहाएक संख्या. एका संख्येला ३२ बिट धरले तर सारं मिळून बिट २७,००० कोटींच्या आसपास. आणि वातावरणात रेणू किती? एकावर ४४ शून्यं.

रेणूंचा आकडा दाखवून मला कोणाला दिपवायचं नाही. बहुतेक रेणूंची वेगळी नोंद लागतच नाही. कोट्यवधी रेणूंच्या धावपळीची सरासरी म्हणजे तापमान आणि दाब, आणि तेवढ्याने काम भागतं. अडचण रेणू आणि खोकं यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. सहा किलोमीटरच्या एका चौकोनावर अख्खा गडगडाटी ढग उभा राहू शकतो, आणि मॉडेलकडे, म्हणजे हवेचं गणित करणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामकडे, मात्र त्यातल्या प्रत्येक खोक्यासाठी एकच तापमान, एकच आर्द्रता. ढगाच्या आत हवा कुठे वर चढते आणि कुठे खाली येते, हे त्या एका संख्येत मावत नाही. आपल्याकडे सह्याद्री हा प्रश्न आणखी अवघड करतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, आणि घाट उतरून वाईला आलं की तो आठव्या हिश्श्यावर येतो. मधलं सरळ अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, म्हणजे मॉडेलची फक्त चारएक खोकी.

मग मॉडेलं चालतात तरी कशी? ग्रहणाच्या मुद्द्याचं उत्तर यातच आहे, आणि दाव्यातला सगळ्यात चांगला प्रश्नही तोच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

लहान यंत्र मोठ्या व्यवस्थेचा अंदाज करू शकतं, पण व्यवस्थेच्या वागण्यात पुनरावृत्ती आणि शिस्त असेल तरच. मग ते वागणं थोडक्यात लिहिता येतं. समुद्राची भरती-ओहोटी घ्या. १८७२-७३ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी पितळी चाकं, कप्प्या आणि दोऱ्यांचं एक यंत्र बांधून घेतलं. दांडा फिरवला की एखाद्या बंदराच्या येणाऱ्या कित्येक महिन्यांच्या भरतीची रेघ कागदावर उमटे. हिंदुस्थानच्या बंदरांसाठी १८७९ मध्ये असंच वेगळं यंत्र इंग्लंडमध्ये तयार झालं. टेबलावर मावणारं पितळ अख्ख्या समुद्राचा अंदाज सांगत होतं, कारण भरतीमागे चंद्र-सूर्याच्या मोजक्याच आवर्तनांची बेरीज असते. समुद्र प्रचंड आहे, पण त्याच्या भरतीचं वर्णन छोटं आहे.

सगळ्यांचंच वर्णन असं छोटं करता येत नाही, हे रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९६५ मध्ये पक्क्या गणितात बसवलं. शून्य-एकच्या कोणत्याही ठरावीक लांबीच्या सगळ्या माळा घेतल्या, तर दहा किंवा जास्त बिटांनी आखूड करता येतील अशा माळा हजारात दोनसुद्धा निघत नाहीत. बाकीच्यांचं सर्वांत छोटं वर्णन म्हणजे जवळपास त्या स्वतःच.

ग्रहणाकडे परत येऊ. ग्रहमालेत चुका वाढत नाहीत असं लोक धरून चालतात. त्या वाढतात. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅक लास्कर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की आतल्या ग्रहांच्या स्थितीतली चूक दर एक कोटी वर्षांनी सुमारे दहापट होते. आज पृथ्वीच्या जागेत १५ मीटरची चूक राहिली, तर दहा कोटी वर्षांत ती एकावर दहा शून्यं इतक्या पटींनी वाढून १५ कोटी किलोमीटर होते, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराएवढी. तेव्हा पृथ्वी कक्षेत कुठे असेल हे आज कोणीही सांगू शकत नाही. ग्रहमालेत चूक दुप्पट व्हायला तीस लाख वर्षं लागतात, त्यामुळे शंभर वर्षांनंतरच्या ग्रहणाला धक्का लागत नाही. हवामानाच्या मोठ्या घडामोडींत, म्हणजे हजार किलोमीटरच्या कमी दाबाच्या पट्ट्यांत वगैरे, चूक दुप्पट व्हायला साधारण दोन दिवस पुरतात. नियम तोच, फक्त घड्याळ वेगळं.

‘मोठा संगणक आणा’ या उपायाची किंमत यावरून काढता येते. सुरुवातीला तापमानात ०.०१ अंशाची चूक आहे असं समजू. इतकी अचूकता आज पृथ्वीभर मिळत नाही, पण देऊन टाकू. दोन दिवसांनी ०.०२, चार दिवसांनी ०.०४, आणि वीस दिवसांत दहा वेळा दुप्पट होऊन १० अंश. तोवर अंदाजाला काही अर्थ उरलेला नसतो. आणखी वीस दिवस हवे असतील तर सुरुवातीची चूक हजारपट लहान करावी लागेल. शंभर दिवस हवे असतील तर पन्नास वेळा दुप्पट होण्याची सोय करावी लागेल, म्हणजे तापमान त्या ०.०१ अंशापेक्षाही एकावर बारा शून्यं इतक्या पटींनी बारीक मोजावं लागेल, तेही प्रत्येक जागी, प्रत्येक उंचीवर, एकाच वेळी. सहा महिन्यांचा आकडा मी लिहीतच नाही.

आणि हा हिशेबही उदार आहे, कारण लहान घडामोडींत चुका कितीतरी वेगाने वाढतात. ढगांच्या पातळीवर तर काही मिनिटं ते तासाभरात दुप्पट होतात. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांचं नाव निघालं की लोकांना पंख फडफडवून दूरवर वादळ उठवणारं फुलपाखरू आठवतं, पण माझ्या मते त्यांचं जास्त धक्कादायक काम १९६९ चं आहे. काहीशे किलोमीटरहून लहान भोवऱ्यांत, भोवरा निम्म्या आकाराचा झाला की त्याचं आयुष्य साधारण ०.६३ पट होतं. म्हणून जाळी निम्मी केल्यावर मिळणारा फायदाही दर वेळी आधीच्या ०.६३ पटच. समजा, पहिल्यांदा जाळी निम्मी करून अंदाज एक दिवसाने लांबला. पुढच्या वेळी ०.६३ दिवस मिळेल, मग ०.४०, मग ०.२५. या सगळ्यांची बेरीज, अगदी अनंत वेळा निम्मं केलं तरी, २.७ दिवसांवर थांबते. म्हणजे अचूकता अमर्याद वाढवली तरी मुदत एका भिंतीला जाऊन टेकते. फुकिंग झांग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आजच्या मॉडेलांवर हे तपासलं: सुरुवातीची अनिश्चितता आजच्या दहाव्या हिश्श्यावर आणली तरी समशीतोष्ण पट्ट्यात दैनंदिन हवामानाचा अंदाज फार तर पाच दिवसांनी लांबेल. आपल्या उष्ण कटिबंधात ही मर्यादा थोडी पुढे, तीन आठवड्यांच्या आसपास असावी, असं २०२० चा एक अभ्यास सांगतो. सहा महिने कोणीच म्हणत नाही.

आता एआय. इथे दावा करणाऱ्यांच्या हातात खरा पुरावा आहे आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. गूगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट हे एआय मॉडेल १९७९ ते २०१७ या ३९ वर्षांच्या नोंदींवर शिकलं. एका मिनिटाच्या आत ते दहा दिवसांचा जागतिक अंदाज देतं, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत युरोपातल्या देशांच्या सामायिक हवामान-अंदाज केंद्राच्या (पुढे ‘युरोपीय केंद्र’) उत्तम मॉडेलला त्याने ९० टक्के कसोट्यांत मागे टाकलं. पुढे युरोपीय केंद्राने स्वतःचं एआय मॉडेल २०२५ मध्ये रोजच्या कामात आणलं. ही प्रगती खरी आहे आणि आपल्या उपयोगाची आहे.

पण ‘दहा दिवस जमले, आता शंभरही जमतील’ ही उडी कशाच्या बळावर? अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये पाया घातलेल्या माहितीच्या गणितात एक साधं प्रमेय आहे: नोंदींवर कितीही प्रक्रिया करा, मूळ गोष्टीबद्दल त्यांत जेवढी माहिती होती त्याहून जास्त बाहेर पडत नाही, फार तर तेवढी टिकते. पासपोर्ट फोटो कितीही मोठा करून छापला तरी त्यात माणसाच्या पाठीवरचा तीळ दिसणार नाही. ३९ वर्षांच्या नोंदींतून एआयने हवेच्या सवयी शिकल्या, आणि ती खरीखुरी माहिती आहे. मात्र आज पहाटे अरबी समुद्रावर, जिथे हवा मोजणारा फुगा सोडला नाही आणि उपग्रहाला ढगाखालचं नीट दिसलं नाही, तिथे हवा कशी होती, हे त्या नोंदींत असणं शक्यच नाही.

यावर प्रश्न येतो की जुन्या नोंदी भरपूर असतील तर आजच्यासारखा दिवस त्यांत कुठेतरी सापडेल ना? हवामानशास्त्रज्ञ व्हॅन डेन डूल यांनी १९९४ मध्ये हाच हिशेब केला. उत्तर गोलार्धाचं आजचं वातावरण मोजमापाच्या चुकीएवढ्या फरकात पुन्हा भेटायला किती वर्षं वाट पाहावी लागेल? उत्तर आलं: एकावर ३० शून्यं इतकी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे.

आणखी एक पुरावा हल्ली पुढे केला जातो. ग्राफकास्टची सुरुवातीची स्थिती जरा बदलली तर अंदाज महिनाभर टिकतो असं एका अभ्यासात दिसलं. हे खरं आहे. फक्त ती बदललेली सुरुवात शोधली गेली ती पुढचं हवामान माहीत असताना, उत्तरावरून मागे येऊन. उद्याचं माहीत असेल तर आजचं दुरुस्त करता येतं, पण उद्याचंच तर हवं होतं. शिवाय सेल्झ आणि क्रेग यांनी २०२३ मध्ये एका एआय मॉडेलमध्ये दाखवलं की अतिसूक्ष्म चुका खऱ्या हवेत जितक्या वेगाने वाढायला हव्यात तितक्या तिथे वाढतच नाहीत. मॉडेल शांत राहतं, म्हणून ते जास्त दूरचं पाहतं असं मानायचं कारण नाही.

‘मग सगळीकडे सेन्सर लावा.’ जरूर लावा, मी तर म्हणेन प्रत्येक महसूल मंडळात दोन लावा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. फक्त कुलाब्याचं पर्जन्यमापक असतं, तर त्या दिवशीची नोंद एक साधारण पावसाळी दिवस अशीच राहिली असती आणि त्या नोंदीवर शिकलेल्या यंत्राने तेच शिकलं असतं. सेन्सर वाढले की आजचं चित्र सुधारतं, पुढच्या सहा तासांचा इशारा सुधारतो आणि जीव वाचतात. पण दोन सेन्सरच्या मध्ये नेहमीच काहीतरी राहतं, आणि वर पाहिलेला ०.६३ चा हिशेब तिथूनच सुरू होतो.

‘पृथ्वीचा डिजिटल जुळा’ या शब्दप्रयोगाबद्दल थोडक्यात. युरोपीय संघाचा असा प्रकल्प २०२४ मध्ये कार्यान्वित झाला आणि तो उपयोगी आहे, पण जुळा म्हणजे हुबेहूब असं त्याचे कर्तेही म्हणत नाहीत. पृथ्वीचा पूर्ण तपशील साठवणारं यंत्र पृथ्वीवरच बसवायचं, तर त्याला स्वतःचाही पूर्ण तपशील साठवावा लागेल. शिवाय त्याचं उत्तर ऐकून माणसं वागणं बदलतात. ‘दोन महिन्यांनी लासलगावला कांद्याचा भाव चढणार’ असं यंत्राने जाहीर केलं, तर शेतकरी माल चाळीत राखून ठेवतील, व्यापारी आधीच खरेदी करतील, आणि ज्या बाजाराचा अंदाज केला तो बाजारच उरणार नाही. याचं टोकाचं रूप डेव्हिड वोल्पर्ट यांनी २००८ मध्ये सिद्ध केलं: एकमेकांबद्दल अंदाज करणारी दोन यंत्रं दोन्ही सर्वज्ञ असू शकत नाहीत. पहिलं यंत्र दुसऱ्याचं उत्तर ओळखायला बसलं आणि दुसरं पहिल्याच्या नेमकं उलट बोलायला बांधलं असेल, तर पहिल्याकडे बरोबर उत्तर असूच शकत नाही.

राहिला शेवटचा आरोप, की हवामान खातं ‘शक्यता’ म्हणून पळवाट काढतं. खात्याची सेवा कुठे तोकडी पडते यावर टीका व्हायलाच हवी. तालुक्याला उपयोगी पडेल असा इशारा वेळेवर आणि समजेल अशा भाषेत पोचत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण शक्यता सांगणं हाच वरच्या सगळ्या गणितातून निघणारा प्रामाणिक मार्ग आहे. युरोपीय केंद्र १९९२ पासून एका अंदाजाऐवजी अनेक अंदाज चालवतं. आज ते पन्नासहून अधिक असतात. प्रत्येकाची सुरुवात मोजमापाच्या चुकीएवढी वेगळी. पन्नासपैकी चाळीस अंदाजांत पाऊस आला तर ८० टक्के, पाचांत आला तर १० टक्के. यात सोडून दिलेलं काही नाही, उलट हे तपासता येतं: ज्या ज्या दिवशी ३० टक्के सांगितलं, ते सगळे दिवस गोळा करा, त्यांतल्या साधारण ३० टक्के दिवशी पाऊस पडलेला असला पाहिजे. तारीख ठोकून सांगणाऱ्याचा असा हिशेब कोणी मागतं का?

लांब मुदतीचं म्हणाल तर तेही होतं, पण वेगळ्या प्रश्नाचं. भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये जून ते सप्टेंबरच्या देशभरातल्या एकूण पावसाचा अंदाज देतो, दीर्घकालीन सरासरीच्या, म्हणजे ८७ सेंटिमीटरच्या, टक्केवारीत आणि अधिक-उणे पाच टक्के धरून. समुद्राचं तापमान हळू बदलतं, म्हणून एवढं जमतं. त्यातही १९९७ सारखं वर्ष येतं: विसाव्या शतकातला एक सर्वांत जोरदार एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापणं, ज्याने सहसा आपला पाऊस घटतो) आणि तरीही देशात पाऊस सरासरीएवढा. २०२५ मध्ये कृषी मंत्रालयाने एआय मॉडेलांच्या आधारे १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे संदेश पाठवले, चार आठवडे आधीपर्यंत. या दाव्याच्या समर्थनार्थ त्यांचं उदाहरण दिलं जातं. पण तिथेही एआय मॉडेलांनी दिल्या त्या शक्यताच, आणि त्या आगमनाच्या, गावातल्या अमुक दिवशीच्या सरीच्या नव्हेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत पेरणी करू नका, हा कृषी विभागाचा सल्ला त्या संदेशांनंतरही तसाच लागू आहे.